विंडोजच्या घरात लिहिण्याची परवानगी

मंगळवार, ४ मार्च

आज माझ्यावर जो अन्याय झाला त्याची नोंद इतिहासाने घ्यायला हवी. इतिहास घेणार नाही, म्हणून मीच घेतो.

घरच्या लॅपटॉपवर ‘नवीन फोल्डर’ नावाचा एक फोल्डर आहे. त्याच्या शेजारी ‘नवीन फोल्डर २’. मग ३. मग ४. पुढे वंशविस्तार इतका झाला आहे की मूळपुरुष कोण ते सांगणं कठीण. सगळी अपत्यं बायकोची. ज्याची उमेदीची वर्षं पाठशाळेत धातू आणि प्रत्यय घोकण्यात गेली, ज्याच्या हातून आजवर एकही बातमी बिनमथळ्याची गेली नाही, त्याने हे रोज उघड्या डोळ्यांनी पाहायचं! म्हटलं, एकाला तरी माणसासारखं नाव देऊ. दिलं. यंत्र म्हणालं — नाही. हा विभाग फक्त वाचण्यासाठी आहे.

लॅपटॉप एकच, पण आत बिऱ्हाडं दोन, दोन वेगळ्या प्रणालींची. गेल्या वर्षी मेहुण्याने मधोमध भिंत घातली. मोठं घर विंडोजचं, तिथे बायको नांदते. मागची चिंचोळी खोली लिनक्सची. तिथे मी, माझ्या बातम्या आणि माझ्या जुन्या पोथ्यांचे स्कॅन. सुरू करताना यंत्र विचारतं, कुणाकडे जायचं? माझ्या खोलीतून तिच्या घरात डोकावता येतं. हात घालता येत नाही.

पठनाधिकार आहे, लेखनाधिकार नाही. स्वतःच्या घरात! आणि मी म्हणे वार्ताहर.

बुधवार, ५ मार्च

मेहुण्याला फोन केला. तो परगावी असतो. दिवसभर कुठल्या कुठल्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतो आणि उरलेल्या वेळात माझी टर उडवतो.

“भाऊजी, ताई विंडोज नीट बंद करते का?”

नीट म्हणजे? झाकण लावते.

“तिथेच तर घोळ आहे. ते बंद नव्हे, ती झोप. काय काय उघडं होतं, कुठे बोट ठेवलं होतं, सगळं डोक्यात धरून विंडोज झोपतं. तेवढ्यात तुम्ही जाऊन त्याच्या घरातलं सामान हलवलंत तर उठल्यावर ते भांबावेल. म्हणून लिनक्स तुम्हाला म्हणतं, बघा हवं तर, हात लावू नका. शहाणं आहे ते. तुमच्यासारखं नाही.”

बायकोला विचारलं, बंद का करत नाहीस?

“बंद केलं की सगळं परत उघडत बसा! कुणी सांगितलंय?”

म्हणजे घराबाहेर पडताना तू गॅस, नळ, दिवे सगळं चालू ठेवून नुसतं दार ओढून घेतेस?

“तुम्ही असता ना घरात.”

इति संवादः समाप्तः।

गुरुवार, ६ मार्च

फोल्डरच्या नावाची चैन पुरे. खरं ते लिहितो.

आईच्या स्वरयंत्रात गाठ आहे. सतरा तारखेला स्वरयंत्रच काढणार. मग श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून, आणि आवाज नाही. थेरपिस्ट बाईंनी एक प्रोग्राम दिला आहे. आईने आत्ताच वाक्यं बोलून ठेवायची. नंतर एका लहानशा यंत्राचं बटण दाबलं की तेच वाक्य तिच्याच आवाजात बाहेर येणार. प्रोग्राम फक्त विंडोजवर चालतो. म्हणून रोज दुपारी भांडी घासून झाली की सासू-सून लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत जातात. खिडक्या बंद, पंखा बंद, फ्रीजची घरघर येते म्हणून तोही बंद. मी हद्दपार.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. माइक समोर आला की तिची पाठ अजून आपोआप ताठ होते. बाईंनी लिहून दिलेली वाक्यं मात्र तिला बिलकूल पसंत नाहीत. ‘मला तहान लागली आहे.’

“असं कोण बोलतं गं? नाटकात बोलतात. मी म्हणते — पाणी दे रे.”

तेव्हा वाक्यं आता तिची तीच ठरवते. दाराला कान लावून ऐकली —

‘एवढंसं जेवून उठू नकोस.’

‘फोन ठेव आता, किती वेळ झाला!’

‘तुला काही कळत नाही, तुझ्या बायकोला विचार.’ — हे दोनदा! एकदा साध्या सुरात, एकदा वैतागून. प्रसंगानुसार वापरायला.

आवाज रोज थोडा खाली जातोय. सकाळी नुसता घोगरा, दुपारी जरा मोकळा होतो. बाईंनी बजावलंय, लवकर उरका. परवा जे बोललात ते पुन्हा त्याच आवाजात बोलता येईल याचा भरवसा नाही.

शनिवार, ८ मार्च

विंडोज उठत नाही.

दुपारी बायकोने झाकण उघडलं. एक चक्र गोल गोल फिरलं. बराच वेळ फिरलं. मग नुसता काळोख. परत केलं. परत तेच. माझी लिनक्सची खोली मात्र शाबूत, तिथे दिवा लागतो.

बायकोचा चेहरा पाहून कळलं की हे नेहमीचं रडगाणं नाही. “अहो, संच पूर्ण केला नव्हता.” म्हणजे काय? म्हणजे त्या प्रोग्रामात वाक्यं बोलून झाली की शेवटी ‘संच पूर्ण’ असं एक बटण दाबायचं असतं. ते दाबलं की वाक्यं कायमची जागेवर बसतात. पण आई रोज म्हणायची, “थांब, अजून एक ओठांवर आहे, उद्या आठवेल.” म्हणून ही तसंच उघडं ठेवून झाकण लावायची. सगळ्या दुपारींचं बोललेलं त्या झोपेत अडकलंय.

मेहुण्याने फोनवरून मला माझ्या खोलीतून तिच्या घरात डोकावायला लावलं. किती जागा शिल्लक दिसते? शून्य. तुडुंब.

“उठून पाय टेकायला जागा नाही त्याला. त्याचा काही दोष नाही. ताईने घर भरलंय. काहीतरी पुसा, म्हणजे उठेल.”

पुसायला गेलो. फक्त वाचण्यासाठी! पुसणं हेही लिहिणंच म्हणे.

म्हणजे असं — जागा नाही म्हणून ते उठत नाही. ते उठत नाही तोवर मला लिहू देत नाही. लिहिता येत नाही तोवर जागा होत नाही. शास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. गुरुजी हा दोष शिकवताना दोन होड्यांचं उदाहरण द्यायचे, एकमेकींना बांधलेल्या. आम्ही हसायचो.

रविवार, ९ मार्च

मेहुणा फोनवर, मी यंत्रापुढे, बायको माझ्या खांद्यामागे. आई दारात खुर्ची टाकून.

पडद्यावर लिनक्सची काळी पाटी उघडली. आज्ञा टाइप केली. यंत्राने पासवर्ड मागितला. मी दाबतोय, दाबतोय, अक्षर म्हणून उमटत नाही. कीबोर्ड गेला, असं जाहीर केलं.

“गेला नाही भाऊजी, तो पासवर्ड दाखवत नाही. लाजतो.”

हे आधी सांगायचं!

पहिली आज्ञा डागडुजीची. उत्तर — विंडोज झोपेत आहे, मी हात लावणार नाही. दुसरी आज्ञा, लिहिण्याच्या परवानगीसकट उघड. उत्तर — झोपेत आहे, वाचायला देतो. विनयशील आणि हट्टी. पालिकेतल्या मुख्य लिपिकाची आठवण झाली.

“आता एकच शब्द उरलाय,” मेहुणा म्हणाला. त्या झोपेची म्हणून एक फाइल असते, ती काढून टाक असं सांगणारा शब्द. आज्ञेच्या मध्ये घालायचा. घातला. एंटरवर बोट नेलं.

“थांबा! आधी ऐका. त्या शब्दाने झोप मोडेल, पण स्वप्नही जाईल. जे उघडं होतं आणि ठेवलेलं नव्हतं, ते गेलं समजा.”

बायकोने माझं मनगट धरलं.

“काय जाईल?” आईने दारातून विचारलं. तिला सांगायची गरज नव्हती. एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलेली बाई. लाइनच्या दोन्ही टोकांचं न बोललेलं तिला ऐकू येतं.

“परत बोलते की,” ती म्हणाली. “त्यात का—”

पुढचा आवाज आलाच नाही. नुसता वारा. तिने घसा साफ केला, परत प्रयत्न केला. वारा. मग हाताने ‘असू दे’ अशी खूण केली आणि पाणी प्यायला उठून गेली.

मी तो शब्द खोडला.

सोमवार, १० मार्च

पालिकेच्या बैठकीत तीन तास पाण्याच्या पाइपवर चर्चा. बातमी पाठवली. मथळा देताना सुचेना. शेवटी ‘नवीन बातमी’ असंच पाठवून दिलं. संपादकांचा फोन, “तब्येत बरी आहे ना?”

मंगळवार, ११ मार्च

बायकोला मानलं! हे वाक्य मी कुठेही छापणार नाही, म्हणून इथे लिहितो.

सकाळी कणीक मळता मळता ती म्हणाली, “अहो, आई वाक्य बोलल्या की तो प्रोग्राम लगेच वाजवून दाखवतो. संच पूर्ण करायच्या आधीच. मग तोवर कुठेतरी ठेवत असेलच ना? हवेत तर नाही ठेवत.”

मी चहाचा कप तसाच टेबलावर ठेवला.

चार दिवस मी लिहिण्याच्या अधिकारासाठी डोकं आपटतोय, आणि वाचण्याचा अधिकार पहिल्या दिवसापासून हातात! डोकावायला कुणीच बंदी केली नव्हती. डोकावून शोधायचं मलाच सुचलं नाही. वाचायला मिळतंय याची तक्रार करत बसलेला पंडित! यावर सूत्र रचायला हवं.

तिच्या घरात शिरलो. प्रोग्रामच्या नावाचा फोल्डर. त्यात आणखी एक. त्यात तात्पुरत्या गोष्टींचा. आत फाइली, नावं अशी की ‘नवीन फोल्डर’ म्हणजे काव्य वाटावं. नुसते आकडे आणि अक्षरांचा काला. तारखेने रांग लावली. गुरुवारची पहिली उघडली. बायको कणकेच्या हातांनी शेजारी उभी.

क्षणभर खरखर. मग आईचा आवाज, स्वच्छ, एक्स्चेंजमधला —

‘तुला काही कळत नाही, तुझ्या बायकोला विचार.’

बायको इतकी हसली की कणीक माझ्या खांद्याला लागली. मीही हसलो. मग ती खाली बसली आणि पदराने डोळे पुसले. मी पडद्याकडेच बघत राहिलो. मला कुठे पदर आहे?

आतून आई. खूण — काय झालं?

काही नाही. तू सापडलीस.

दुपारी — सगळ्या फाइली माझ्या खोलीत आणायच्या, तर तिथे जागा कुठे! कोपऱ्यापासून छतापर्यंत पोथ्यांचे स्कॅन. एका ग्रंथावर टीका, टीकेवर उपटीका, उपटीकेवर कुणा निनावी शिष्याचं टिपण. वर्षानुवर्षं जमवलेलं धन. एकेक उचललं आणि पुसलं. निनावी शिष्याला पुसताना जरा हात थबकला, बिचाऱ्याला आधीच नाव नाही. पण आईला जागा हवी होती.

एक प्रत मेहुण्याकडे रवाना. त्याचा निरोप — “पोहोचल्या. एक वाजवली. ‘एवढंसं जेवून उठू नकोस.’ भाऊजी, मी परत जेवलो.”

बुधवार, १२ मार्च

विजय! विजय! विजय! तीनदा, कारण मंत्र तीनदा म्हणायचा असतो.

सकाळची पावणेदहाची वेळ. ऊन टेबलावर. आई आज दाराशी नाही, माझ्या शेजारीच खुर्ची ओढून. मेहुणा फोनवर. काळी पाटी. पासवर्ड (लाजला). आज्ञा, मध्ये तो शब्द.

“दाबू?”

मेहुणा म्हणाला, “प्रती दोन ठिकाणी आहेत?” आहेत. “मग दाबा.”

बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली. पण एंटर दाबला तो आईने! माझं बोट बाजूला सारून. आयुष्यभर लाइनी जोडलेलं बोट.

यंत्र गप्प. मी मेहुण्याला विचारलं, आता? “काही बोललं नाही ना? लिनक्सचं असंच असतं. बोललं नाही म्हणजे झालं.” घरात अशीच एक व्यक्ती आहे, मी म्हणालो. फरक इतकाच, ती बोलली नाही की काहीतरी बिनसलेलं असतं. पाठीत बायकोचा गुद्दा.

पारख केली. विंडोजच्या घरात शिरलो, रिकामी फाइल उघडली, त्यात लिहिलं ‘श्री’. ठेव म्हटलं. ठेवली! हूं की चूं नाही. मी खुर्चीतून उठलो आणि परत बसलो, कारण उठून काय करायचं ते ठरवलं नव्हतं.

मग जागा मोकळी करण्याचा सोहळा. बायकोने उतरवून ठेवलेले विणकामाचे व्हिडिओ, ढिगाने. “तो ठेवा. तोही ठेवा. तो लोकरीचा आहे, ठेवा. तो... बरं, तो पुसा.” शेवटी आईने हात वर केला आणि एक्स्चेंजच्या थाटात सगळ्या ढिगाकडे बोट दाखवून मनगट फिरवलं. लाइन तोडा. पुसलं.

आणि हो, नवीन फोल्डर, २, ३ वगैरे. वाहत्या गंगेत हात धुतले. ‘पत्रे’, ‘पाककृती’, ‘छायाचित्रे’, ‘संकीर्ण’. तासाभराने बायको, “माझं वीजबिल सातमध्ये होतं. आता मला सापडणार कसं?” संकीर्णात आहे. “तुम्हीच संकीर्ण.”

आता खरी परीक्षा. यंत्र बंद केलं, नीट. सुरू केलं. विंडोजकडे जायचं, म्हटलं. चक्र फिरलं. आई माझ्या दंडाला धरून. चक्र फिरतंय. फिरतंय. आणि — उजेड! बायकोची सगळी चित्रं जागेवर. प्रोग्राम उघडला. त्याने स्वतःहून विचारलं, अपूर्ण संच सापडला आहे, पुढे चालू ठेवायचा का?

ठेवायचा का! अरे ठेवायचा!!

प्रत्येक वाक्य होतं. एकही गळलेलं नाही. मेहुणा फोनवर ओरडत होता, बायको भांडं वाजवत होती, आणि आईने माझा गाल ओढला. माझे केस पांढरे झालेत याचा तिला पत्ता नसावा.

शुक्रवार, १४ मार्च

कालपासून आवाज पुन्हा जरा मोकळा. उरलेली वाक्यं झाली. आज मलाही खोलीत प्रवेश.

सगळं संपल्यावर आईने सुनेला खूण केली, थांब. मग हळू म्हणाली, “हसूही घे.”

थेरपिस्ट बाईंच्या कागदावर हसू नाही. पण बरोबर आहे. नुसती वाक्यं बोलणारी बाई म्हणजे रेकॉर्ड केलेली सूचनाच की. प्रश्न इतकाच की हसा म्हटल्यावर कोण हसतं? तिने दोनदा प्रयत्न केला, खोकल्यासारखं झालं. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, “तुमचं ते पालिकेचं सांगा.”

मग सांगितलं. सोमवारी पाण्याच्या पाइपवर तीन तास चर्चा चालली असताना सभागृहातलाच नळ फुटला. अध्यक्षांच्या धोतराला, सॉरी, पँटला पाणी लागलं तरी ते म्हणत होते की गळतीचे आरोप विरोधकांचे आहेत. हे मी बातमीत छापलं नव्हतं. आई हसली. घोगरं, तुटक, मध्ये श्वास ओढत, पण तिचंच. बायकोने बटण सोडलंच नाही, शेवटच्या उसाशापर्यंत.

‘संच पूर्ण.’ दाबलं. मी स्वतः पाहिलं.

विंडोजला अर्धवट झोपेत ठेवणारी झटपट-सुरू-होण्याची सोयही मेहुण्याला विचारून बंद करून टाकली. यापुढे विंडोज झोपणार नाही, बंद होणार. बायकोने शपथ घेतली आहे. तासाभराने झाकण लावलेलं सापडलं. “सवय आहे हो!” पुन्हा शपथ.

रविवार, १६ मार्च

हॉस्पिटल. खिडकीतून पार्किंग दिसतं, आणि त्यापलीकडे एक धोबीखाना.

वाक्यं भरलेलं ते लहानसं यंत्र आईच्या उशाशी. ती सरावतेय. संध्याकाळी नर्स रक्तदाब बघत असताना मोबाइलवर बोलत होती. उशीकडून खणखणीत आवाज, ‘फोन ठेव आता, किती वेळ झाला!’ नर्सने फोन खरंच ठेवला. मग दचकून आईकडे बघितलं. आईने शांतपणे पुढचं बटण दाबलं. हसू.

वॉर्डभर बातमी पसरली. शेजारच्या खाटेवरच्या आजी यंत्र बघायला आल्या. बायको सगळ्यांना सांगतेय, “यांनीच केलं, लिनक्सवरून.” लिनक्स काय ते त्या आजींना ठाऊक नाही, पण त्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. मीही विनयाने मान झुकवली. असे दिवस माणसाला रोज येत नाहीत.

सोमवार, १७ मार्च

सकाळी आत नेलं.

आवाज जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. त्याच्याबरोबर आजारही जाणार का, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. तीनदा भेटलो, तीनदा यंत्राबद्दलच बोललो.

भीती आवाजाची नाही. आई जगेल ना, एवढीच आहे.